बापाचा दाखला कुठून आणायचा?

नातेवाइकांकडे वाढणाऱ्या पोरक्या मुलाला मध्यप्रदेश सरकार महिन्याला ४,००० रुपये देते. २०२२ साली सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजने’चे मला मनापासून कौतुक आहे. पैसे मूल आणि पालक यांच्या संयुक्त खात्यात जातात, हेही चांगलेच. पण एक अट मला सलत राहते: आई आणि बाप, दोघेही वारलेले हवेत. बालाघाट जिल्ह्यात या अटीने कोण बाहेर राहते ते पाहा. धान निघाले की इथली माणसे नागपूर-हैदराबादकडे कामाला जातात. बायको वारल्यावर असा गेलेला बाप कधी परततच नाही. फोन बंद, पत्ता नाही, किंवा त्याने तिकडेच दुसरा संसार मांडलेला. मूल आजीच्या पदरात. आजीच्या पिशवीत मुलाचा समग्र आयडी, म्हणजे राज्याचा ओळखक्रमांक असतो, लेकीच्या मृत्यूचा दाखला असतो. जावयाचा कुठून आणायचा? बेपत्ता माणूस मेला असे धरायला कायद्याला सात वर्षे लागतात. तोवर दहा वर्षांचे नातवंड सतराचे होते आणि अठराव्या वर्षी मदतच संपते. बाप दुसरीकडे सुखाने नांदत असेल, तर ती सात वर्षेही उपयोगाची नाहीत. म्हणजे बाप मेला तर मुलाला आधार मिळतो, आणि टाकून गेला तर काहीच नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा इतका कोता नाही. ज्याचा कायदेशीर पालक सांभाळायला तयार नाही किंवा समर्थ नाही, त्या मुलालाही तो अनाथ मानतो.

यावर सांगितले जाते की अशा मुलांसाठी केंद्राचे ‘मिशन वात्सल्य’ आहे. आहे, पण तिथे ग्रामीण कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ७२,००० रुपये आहे. मामा-मामींनी २५० रुपये रोजाने दीडशे-दीडशे दिवस मजुरी केली तरी ७५,००० होतात. स्वतःची लेकरे पोसून बहिणीचे मूल घरात घेणाऱ्याला तुम्ही सधन म्हणणार का? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: अट सैल केली तर कमवायला गेलेला प्रत्येक बाप कागदावर बेपत्ता होईल. ही भीती खोटी नाही. पण मूल कुणाकडे राहते हे गावाला, शाळेला, अंगणवाडीताईला ठाऊक असते. पंचनामा करून बाल कल्याण समितीने ठरवावे; ती समिती कायद्याने त्याचसाठी आहे. शेजारच्या गोंदियात महाराष्ट्राची बालसंगोपन योजना एक पालक असलेल्या मुलांनाही घेते. मात्र तिथली रक्कम २,२५० रुपये, म्हणून तिचे कौतुक करतानाही हात आखडतो.

आणखी एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलाला याच बाल आशीर्वाद योजनेतून पुढच्या प्रशिक्षणासाठी आर्थिक मदत मिळते. आजीने वाढवलेल्याला त्या भागात जागा नाही. आजीने त्याला बालगृहात पाठवले असते, तर ती मदत मिळाली असती.