तुटलेला बेल्ट आधी वाचावा

तुटलेला फॅन बेल्ट भंगारात टाकायची घाई करू नये. चिपळुणात माझ्याकडे जुनी मारुती ८०० आहे आणि तिची बारीकसारीक कामं मी दारातच करतो. बेल्ट बदलणं हे त्यातलं सोपं काम. पण आधीचा कशाने तुटला हे न पाहता चढवलेला नवा बेल्टही त्याच वाटेने जातो.

नाव फॅन बेल्ट असलं तरी या गाडीत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. बेल्ट क्रँकच्या पुलीवरून वॉटर पंप आणि अल्टरनेटर फिरवतो. तो तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि तापमानाचा काटा वर सरकू लागतो. इंजिन चालूच असतं, म्हणून वाटतं, घर गाठू. कुंभार्ली घाटात हा मोह फार महागात पडतो. पाणी फिरायचं थांबलं की अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून वाकतं, गॅस्केट जातं. बेल्टला काहीशे रुपये पडतात, हेडचं काम हजारांत जातं.

इंजिन गार होऊ द्यायचं, किल्ली खिशात टाकायची, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची आणि मग तुटका बेल्ट उजेडात धरायचा. आतून आडव्या भेगा असतील तर तो वयाने आणि उष्णतेने संपला. त्याची काही तक्रार नाही. बाजू चकाकत असतील तर ढिला राहून घसरत होता. एकाच कडेचे धागे निघाले असतील तर पुल्या एका रेषेत नाहीत. रबर फुगून मऊ पडलं असेल तर कुठून तरी ऑइल गळतंय. नंतर प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहायची. वॉटर पंपाची पुली खरखरली किंवा डुगडुगली तर बेअरिंग गेलंय, बेल्टचा दोष नाही. आमच्याकडे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या पुलीच्या खाचेत गंज धरतो, वर जांभ्याची तांबडी धूळ बसते. ती खाच बोटाने चाचपून पॉलिश पेपरने साफ करावी, कारण बेल्टची सगळी पकड तिथेच असते.

गिरणीचा सपाट पट्टा पोटाने पुलीला धरतो. फॅन बेल्ट हा व्ही बेल्ट, तो बाजूंनी धरतो. ताण येईल तसा तो खाचेत रुततो, म्हणून एवढीशी पट्टी एवढं ओढून नेते. १९१७ साली अमेरिकेत डेन्व्हरला जॉन गेट्स यांनी रबराचा व्ही बेल्ट काढला, तो या तत्त्वावर. बेल्ट खाचेच्या तळाला टेकत असेल तर माप चुकलंय किंवा पुली झिजलीय. म्हणून दुकानात जाताना जुने तुकडे सोबत न्यावेत.

चढवताना अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करून तो पूर्ण इंजिनकडे ढकलायचा. बेल्ट हातानेच बसला पाहिजे. स्क्रू ड्रायव्हरने ओढून बसवला तर आतले दोर तुटतात, वरून काही दिसत नाही. मग टॉमीच्या लोखंडी दांड्याने अल्टरनेटर बाहेर दाबून धरायचा आणि बोल्ट आवळायचे. दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्याने जोर दिला की बेल्ट साधारण एक सेंटीमीटरपर्यंत दबावा. ढिला राहिला तर किंचाळतो, ते निदान ऐकू तरी येतं. जास्त ताणलेला गुपचूप वॉटर पंपाचं बेअरिंग खातो, आणि हौशी माणसाचा हात नेहमी जास्त ताणण्याकडेच जातो.

हे झालं फॅन बेल्टचं. त्याच इंजिनावर कव्हरखाली दात्यांचा टायमिंग बेल्ट असतो. तो एक दाता जरी सरकला तरी व्हॉल्व्हची वेळ चुकते. त्याला घरी हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैलावतो. दोन-तीनशे किलोमीटर झाले की बॉनेट उघडून पुन्हा एकदा अंगठा लावून बघा.