वय आणि दुखणं

पंखा बंद पडला की घाम सांगतो, दिवा गेला की अंधार सांगतो. फ्रिज मात्र आपण बंद पडल्याची वर्दी देत नाही. आतला दिवा नेहमीसारखा लागतो, दार नेहमीसारखं चिकटतं, आणि आतला गारवा चारदोन तास भिडेखातर थांबून राहतो. मग दुपारच्या चहाला दूध फाटतं आणि घरातले सगळे एकदम त्याच्याकडे वळून बघतात.

हे घडतं तेही बहुधा वैशाखात. त्यात योगायोग थोडाच असतो. आत शिरणारी उष्णता उन्हाळ्यात जास्त, ती ज्या हवेत टाकायची ती हवाही तापलेली, आणि संध्याकाळ झाली की व्होल्टेज खाली. वर्षभर रेटून नेलेलं दुखणं अशा दिवसांत उघडं पडतं. आणि नेमका तेव्हाच फ्रिज भरलेला असतो. आमरसाचे डबे, इडलीचं पीठ, कैरीचा उकडलेला गर, लोण्यासाठी साठवलेलं सायीचं पातेलं आणि अगदी मागच्या कोपऱ्यात कुणीच वाली नसलेली एक चटणी. ते सगळं ओट्यावर मांडलं की आपल्या संसाराची एक खानेसुमारी होऊन जाते. सायीचं पातेलं शेजारी जातं, आमरस त्याच रात्री संपवायचं ठरतं, चटणीचा निकाल लागतो.

आता फ्रिजचा निकाल लावायचा. इथे जो भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "किती वर्षं झाली?" शेजारी विचारतात, मुलगा फोनवरून विचारतो, दुकानातला विक्रेता तर नमस्काराच्या आधी विचारतो. आपण सांगतो, अठरा. समोरच्याच्या चेहऱ्यावर सांत्वनाचा भाव येतो. मग तो सांगतो, "काढा आता." अठरा या आकड्यात सगळं आलं, पुढं काही बघायची गरज उरली नाही.

मेकॅनिकनं मात्र वय विचारलं नाही. त्यानं विचारलं, "काय करतो?" मग फ्रिज भिंतीपासून ओढला, मागं बसला आणि नुसतं ऐकत राहिला. कॉम्प्रेसर क्षणभर गुरगुरला, टिक् असा आवाज आला, पुन्हा शांतता. काही मिनिटांनी तेच. "उठायचा प्रयत्न करतोय, उठवत नाहीये," तो म्हणाला. कॉम्प्रेसरच्या कडेला चिकटलेला रिले आणि ओव्हरलोड त्यानं काढून हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. नवा बसवला, आणि कॉम्प्रेसर चालू झाला. काही शे रुपयांत प्रश्न मिटला असं वाटून आम्ही बर्फाचा ट्रे भरलासुद्धा. पण तासाभरानं फ्रीजरच्या एका कोपऱ्यात तेवढं दव धरलं, बाकी भाग कोरडा.

"गॅस संपला का?" मी विचारलं.

"काका, संपत नसतो तो. जातो. कुठून गेला ते बघू, भरायचं नंतर."

हे वाक्य प्रत्येक फ्रिजवाल्या घराला माहीत असायला हवं. स्वयंपाकाचा सिलिंडर जळून रिकामा होतो, फ्रिजमधला गॅस जळत नाही आणि झिजतही नाही. फ्रिज थंडी तयार करतच नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गॅस तापतो, बाहेरच्या कॉईलमध्ये ती उष्णता सोडून द्रव होतो, केसासारख्या बारीक नळीतून फ्रीजरमध्ये शिरतो, तिथे दाब उतरल्यावर उकळून पुन्हा गॅस होतो आणि उकळताना दुधाची, पिठाची, कैरीच्या गराची उष्णता घेऊन निघतो. तोच गॅस, तीच फेरी, वर्षानुवर्षं. वितळलेल्या धातूनं बंद केलेल्या या नळ्यांमधून तो गेला असेल तर कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता गॅस भरून देणारा मेकॅनिक पुढच्या उन्हाळ्याची स्वतःची सोय करून जातो.

आणि भोक कुठे आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून. फ्रीजरमधला बर्फ सुरीनं खरवडताना ॲल्युमिनियमला टोचलं असेल, तर एक गोष्ट. मागच्या जोडांपाशी असेल, तर सगळ्यात बरं. पण भिंतीच्या आत असेल तर पंचाईत. जुन्या फ्रिजांच्या पाठीला काळी जाळी असायची; पावसाळ्यात लोक तिच्यावर पायमोजे वाळवत. मग फ्रिजची पाठ सपाट आणि देखणी झाली. कॉईल पत्र्याच्या आतल्या अंगाला चिकटली, वरून फोम भरला गेला. म्हणून अनेक फ्रिजांच्या कुशीला हात लावला की गरम लागतं. धूळ बसत नाही, जागा वाचते, दिसायला बरं. फक्त आत नळी गंजली तर ती दिसत नाही, हात पोचत नाही आणि फोम फोडला तर फ्रिज उरत नाही. मग मेकॅनिक ती आतली कॉईल सोडून देतात आणि पाठीवर नवी काळी जाळी बसवतात. फॅशन एक फेरा मारून पुन्हा तिथेच.

म्हणजे दुरुस्त करू की नवा घेऊ, हा प्रश्न आपण ओट्यापाशी उभे राहून सोडवत असलो तरी त्याचं निम्मं उत्तर आरेखन करणाऱ्यानं कागदावर रेघ ओढली तेव्हाच लिहून झालेलं असतं.

१९५८ मध्ये गोदरेजनं भारतात बनवलेला पहिला घरगुती फ्रिज बाजारात आणला. पुढची कितीतरी वर्षं मध्यमवर्गीय घरात फ्रिज स्वयंपाकघरात ठेवतच नसत. तो हॉलमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. डोक्यावर विणलेलं आच्छादन, त्यावर फुलदाणी, दाराला कुलूप आणि किल्ली आईच्या कमरेला. नव्या फ्रिजसाठी कित्येक महिन्यांचे पगार लागत, दुरुस्तीला त्यातला एखादा चतकोर तुकडा. त्यामुळे काढायचा का, असा विचारच कुणाच्या मनात येत नसे. आज यंत्र स्वस्त झालंय आणि माणसाचा वेळ महाग, आणि तो तसा व्हायलाच हवा होता. उन्हात चौथ्या मजल्यावर पंप चढवणाऱ्या माणसाला आपण पूर्वी फार कमी देत होतो. ती स्वस्त दुरुस्ती आठवून उसासे टाकण्यात अर्थ नाही.

नव्याच्या बाजूनं बोलायलाही पुष्कळ आहे. फ्रिजच्या दारावरची ताऱ्यांची पट्टी नुसती शोभा नाही. तिच्यावर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो. ताऱ्यांचे निकषही वेळोवेळी कडक होत गेले, म्हणून जुन्या पट्टीवरचे पाच तारे आजचे पाच नव्हेत. समजा, नवा फ्रिज जुन्यापेक्षा वर्षाला दोनशे युनिट कमी खातो. युनिट दहा रुपयांनी धरलं तर दोन हजार वाचले. वीस हजारांचा फ्रिज त्या बचतीतून फिटायला दहा वर्षं. मात्र विजेचं बिल टप्प्याटप्प्यानं चढतं, वाचलेले युनिट सगळ्यात वरच्या, महागड्या टप्प्यातले असतात, म्हणून काही घरांत हा काळ बराच आखडतो. ज्याचा फ्रिज खरोखर खादाड आहे त्यानं तो मायेपोटी पोसू नये. मात्र खादाडपणाचं कारण कधी कधी दाराचं रबरच असतं. दहाची नोट दारात धरून दार लावायचं; नोट सहज सरकून हातात आली तर रबर बदलायचं. नोट आपल्याकडेच राहते, हा या परीक्षेचा आणखी एक गुण.

गॅसचा हिशेब मात्र बिलात येत नाही. सुरुवातीच्या फ्रिजांत सल्फर डायऑक्साईड, मिथाईल क्लोराईड असले विषारी वायू असत. बर्लिनमध्ये अशा गळतीनं एक कुटुंब झोपेतच दगावल्याची बातमी आईनस्टाईननं वाचली आणि लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाला जोडीला घेऊन, हलणारे भाग आणि गळणारे जोड नसलेला फ्रिज शोधायच्या मागे तो लागला, असं सांगतात. दोघांनी पेटंटही घेतली. तो फ्रिज बाजारात काही आला नाही. कारण दरम्यान सीएफसी नावाचे वायू आले. बिनविषारी, न पेटणारे, सगळ्यांना हवे तसे. त्यांनी माणसं वाचवली आणि ओझोनला भोक पाडलं. १९८७ च्या माँट्रियल करारानं त्यांना निरोप दिला. भारतात त्यांचा वापर २०१० पासून थांबला. जागी आलेला आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साईडला हजार पटींहून जास्त भारी आहे. म्हणून आता आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. तो हवेला बराच निरुपद्रवी, पण पेटणारा. प्रत्येक पाहुणा आधीच्याचं बिघडवलेलं निस्तरायला आला आणि जाताना स्वतःचं काहीतरी ठेवून गेला.

तेव्हा जुना फ्रिज 'काढला' म्हणजे तो नाहीसा होत नाही. कायद्याप्रमाणे फ्रिज ई-कचऱ्यात मोडतो, आणि त्याची रीतसर विल्हेवाट लागावी ही उत्पादकाचीही जबाबदारी आहे. पण आपल्या गल्लीत तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. तांब्यासाठी नळी कापली जाते, फुस्स असा आवाज येतो आणि उरलासुरला गॅस आकाशाच्या स्वाधीन होतो. एक्सचेंजमध्ये दिलेला फ्रिज कधी कधी एखाद्या चहाच्या टपरीवर नाहीतर विद्यार्थ्यांच्या खोलीवर पोचतो आणि तितकीच वीज खात राहतो. फक्त ते बिल आपल्या नावावर येत नाही.

आमच्याकडे मेकॅनिकनं टॉर्च मारला तेव्हा कॉम्प्रेसरशेजारच्या फिल्टरच्या जोडावर एक तेलकट डाग दिसला, त्यावर धूळ चिकटून काळी पडलेली. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं, आणि तेल खोटं बोलत नाही. साबणाचा फेस लावला तर तिथे एक बारीक बुडबुडा हळूहळू फुगला. हात पोचेल अशा जागी होतं ते. जोड पुन्हा झाळला, फिल्टर नवा घातला, पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल खेचून काढली आणि पाठीवरच्या पट्टीवर जितके ग्रॅम लिहिले होते तितकाच गॅस वजन करून भरला. पट्टीवर वजन लिहिलेलं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. रिले धरून सगळा खर्च नव्या फ्रिजच्या पाचव्या हिश्शाच्या आत बसला.

भोक भिंतीत निघालं असतं तर मी काय केलं असतं? पाठीवर जाळी लावून घेतली असती कदाचित, पण फ्रीजरही गंजू लागलेला दिसला असता तर नवाच घेतला असता, आणि त्याचं दुःख केलं नसतं. वयाला मान द्यावा, पण निदान त्याला करू देऊ नये. 'आता या वयात कसली तपासणी' हे वाक्य माणसांच्या बाबतीतही आपण किती सहज बोलून जातो, आणि कित्येकदा दुखणं एखाद्या रिलेएवढंच असतं.

तरी एक दिवस नवा फ्रिज आणावा लागणारच आहे. तेव्हा दुकानात लिटर विचारीन, तारे विचारीन, रंग बायको ठरवेल. आणि बिल करण्याआधी विक्रेत्याला विचारीन, "कॉईल आत आहे की बाहेर? सुटे भाग किती वर्षं मिळतील? आणि बिघडला तर हा उघडायचा कुठून?" तो बहुतेक मोफत मिळणाऱ्या भांड्यांच्या सेटबद्दल सांगायला लागेल. हरकत नाही. हे प्रश्न पुरेशा गिऱ्हाइकांनी विचारले, तर कधीतरी ते कागदावर रेघ ओढणाऱ्यापर्यंत जातील.