एका ओळीत एकच नाव

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाची याद्यांपासून सुटका नसते. हजेरी, गुण, शब्दार्थ, सगळे एकाखाली एक हवे. म्हणून पायथॉन शिकताना मला सर्वांत उपयोगी वाटली ती एकच ओळ.

आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचे १४ तालुके घ्या. 'तालुके' नावाच्या यादीत ते भरून नुसते प्रिंट करायला सांगितले, तर पायथॉन चौकोनी कंस, अवतरणचिन्हे आणि स्वल्पविरामांसकट सगळे सलग छापते. फॉर लूप लावला की नावे सुटी होतात. पण त्याहून थोडक्यात असे:

प्रिंट(*तालुके, सेप='\एन')

यातले प्रिंट, सेप आणि एन रोमन लिपीत टाइप करायचे. यादीचे नाव मात्र देवनागरीत चालते. २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ ने ही सोय दिली. तारा यादी सोडवून एकेक नाव प्रिंटच्या हाती देतो. दोन नावांच्या मध्ये काय ठेवायचे ते सेप सांगते, आणि बॅकस्लॅश-एन म्हणजे नवी ओळ. यादीत आकडे असले तरी अडत नाही. जॉइन वापरले, तर आकडे आधी स्ट्रिंगमध्ये बदलावे लागतात.

आम्हा दुभाषी लोकांसाठी मात्र ही नुसती टापटीप नाही. समजा, यादीचा क्रम अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहाता असा आहे आणि मधली दोन नावे उर्दू लिपीत आहेत. सलग छापल्यावर, डावीकडून वाचताना कोपरगाव दुसरे आणि संगमनेर तिसरे दिसते. यादी बिघडलेली नसते. लागोपाठ आलेली उर्दू नावे मधल्या स्वल्पविरामासह उजवीकडून मांडायची, हा युनिकोडचा नियमच आहे. पण तालुक्यांच्या जागी मुलांची नावे असतील आणि गुण दुसऱ्या कागदावर असतील, तर? डावीकडून मोजून गुण चढवणारा एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर टाकेल, आणि त्या मुलाला ते निकालाच्या दिवशी कळेल.

नवी ओळ आली की दिशेचा हिशेब नव्याने सुरू होतो. दुसरे नाव दुसऱ्याच ओळीवर राहते, मग ते डावीकडून वाचा की उजवीकडून. दोन्ही लिपी एका यादीत नांदवायच्या, तर कोणाचीही दिशा बदलायची गरज नाही. प्रत्येक नावाला आपली ओळ मिळाली, की पुरे.