जोड कुणी लावली?

२००३ च्या दिवाळीत कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी किल्ला झाला नाही. माती आणलेली होती, ती पोत्यातच राहिली. मावळे खोक्यातून बाहेर निघाले नाहीत. आज्जी म्हणाली, "ह्या पोरांना बाधा झाली." झालीच होती. सुट्टीला आलेला आतेभाऊ आणि मी, दोघंही 'एंटर द मॅट्रिक्स'मध्ये शिरलो होतो.

संगणक बाबांचा, उद्यमनगरातल्या वर्कशॉपची बिलं करायला घेतलेला. गेम एका मित्राकडून चार दिवसांच्या बोलीवर आणलेला. चार सीड्या होत्या, त्यातली तिसरी ओरखडलेली. तिच्यावर तोंडाची वाफ सोडायची, बनियनने पुसायची आणि देवाचं नाव घेऊन आत सारायची. एवढं करून गेम चार जीबीच्या वर जागा खायचा. त्यासाठी बाबांच्या कुठल्या फायली उडवल्या, हे मी अजूनही घरात सांगितलेलं नाही.

सगळा सोस निओचा होता. काळा चष्मा, लांब कोट, मागं वाकून गोळ्या चुकवणारा कीआनू रीव्ह्ज. आणि गेम सुरू झाला तर निओ खेळायलाच मिळेना! मिळाली कोण, तर नायोबी आणि घोस्ट, सिनेमात अधूनमधून दिसणारी माणसं. आतेभाऊ वैतागून म्हणाला, "ह्ये म्हंजे राजांच्या शिणमात आपल्याला मावळा केल्यागत झालं की लगा."

पण खरी गंमत त्या मावळेपणातच निघाली. वाचोवस्की भावंडांनी 'मॅट्रिक्स रीलोडेड' करतानाच ही गोष्टही लिहिली होती. गेमसाठी त्याच नटांना घेऊन तासभराचं वेगळं चित्रीकरण केलं होतं. हायवेवरच्या त्या भयंकर पाठलागात नायोबी नेमक्या वेळी गाडी घेऊन कुठून उगवते, हे सिनेमा सांगत नाही; गेम सांगतो. नायोबी घेतली तर गाडी हाकायची, घोस्ट घेतला तर खिडकीतून गोळ्या झाडायच्या. एका वेळी एकालाच खेळता यायचं म्हणून आम्ही वाटणी केली होती. चालणं-पळणं माझ्याकडं, लाथाबुक्क्या त्याच्याकडं. त्यामुळं आमचा घोस्ट बऱ्याचदा शत्रू डावीकडं असताना उजवीकडच्या भिंतीला लाथा घालायचा.

आप्पा, म्हणजे आजोबा, मागं खुर्ची टाकून बसायचे. सारी हयात तालमीत गेलेली. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेल्या खासबागेतल्या कुस्त्या त्यांच्या जिभेवर. पडद्यावर घोस्टनं एकाला खांद्यावरून फेकला की आप्पा मागून म्हणायचे, "धोबीपछाड." मग जरा थांबून, "पर पाय चुकला."

'फोकस' नावाची एक कळ होती. ती दाबली की सगळं संथ व्हायचं आणि गोळ्या हवेत रेघा ओढत जाताना दिसायच्या. पहिल्या 'मॅट्रिक्स'मध्ये हा चमत्कार साधायला नटाभोवती १२० कॅमेऱ्यांचं कडं केलं होतं. एकच कॅमेरा, तोही स्वतःच्या हातांनी घडवून सिनेमा उभा करणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावात हे ऐकलं की जरा मजा वाटते. आप्पांना मात्र फोकस फार आवडला. "आता दिसतोय डाव," म्हणाले.

त्यांचं बिनसलं ते एजंटापाशी. पहिल्याच टप्प्यात, पोस्ट ऑफिसात, एजंट अंगावर येतो आणि गेम सांगतो, पळ. त्याला हरवायची सोय नाही.

"पळतंय कशाला रं त्ये?"

"आप्पा, त्यो एजंट हाय. त्याला कुणी चितपट करू शकत न्हाई."

"मग जोड कुणी लावली?"

ह्याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. समीक्षकांनी ह्या गेमला तेव्हाच घाईत उरकलेला म्हणून झोडपलं होतं, पण इतकी नेमकी टीका मी कुठं वाचली नाही.

भाऊबीज उलटल्यावर एका संध्याकाळी आम्ही अणुवीज केंद्रात पोचलो. ते उडवल्याशिवाय सिनेमात निओचं पुढचं काम होत नाही, म्हणजे जबाबदारी मोठी. दोन दिवस तिथंच मरत होतो. शेवटी जमलं. आणि त्याच क्षणी फट् करून घरातली लाइट गेली. पडदा काळा, पंखा थांबला, पेठेतून "गेलीऽऽ" असा ओरडा आला. भारनियमनाचे दिवस ते. आम्ही दोघं अंधारात गप्प. आप्पांचा आवाज आला, "काय उडवलासा रं?"

आज्जीनं तेलाचा दिवा आणून ठेवला आणि उरलेल्या चकल्यांचा डबा उघडला. लाइट आल्यावर तिसरी सीडी चालेना. मित्राची मुदतही संपलेली. शेवट तेव्हा राहूनच गेला.

५ नोव्हेंबरला 'मॅट्रिक्स रिव्होल्युशन्स' जगभर एकदम लागला. आमच्यापर्यंत यायला जरा वेळ लागला. पडद्यावर नायोबी जहाजाच्या सुकाणूवर बसली आणि आतेभाऊ मोठ्यांदा म्हणाला, "आपली आली!" पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून बघितलं. त्याला काय ठाऊक, आम्ही तिच्या गाडीत बसून आलो होतो.

घरी आलो तर आप्पा सोप्यात जागेच. "त्या एजंटाचं काय झालं?"

निओ लढला, मग लढायचा थांबला, एजंट त्याला गिळून बसला आणि तिथंच फुटला, असं आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. आप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे निकाली झाली, का बरोबरीत सोडवली?"

थिएटरातून निघाल्यापासून आमचं त्यावरच भांडण चाललं होतं.