पाटण्याची एक दुपार

एखाद्या शहराची कीर्ती आपल्या कानी उशिरा येते. अपकीर्ती मात्र आपण तेथे पोहोचण्यापूर्वीच येऊन बसलेली असते. सोलापूरच्या एका शिक्षिकेला कामानिमित्त पाटण्याला जावयाचे होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सूचनांचा पाऊस पाडला : ‘अंगावर सोने नको, अंधार पडल्यावर बाहेर नको, कोणावर विश्वास नको.’ हातांतल्या बांगड्या कपाटात ठेवून, पर्स छातीशी घट्ट धरून बाई पाटण्याला उतरल्या.

काम लवकर आटोपले. गाडीला बराच अवकाश होता. धीर करून त्यांनी एक सायकलरिक्षा ठरवली. 1770 च्या भीषण दुष्काळानंतर धान्याच्या साठ्यासाठी उभारलेले, 1786 साली पूर्ण झालेले गोलघर त्यांनी पाहिले. घुमटाला वळसा घालीत वर जाणाऱ्या 145 पायऱ्या पाहून त्या थक्क झाल्या. पुढे गंगाकाठचे खुदाबख्श ग्रंथालय लागले. एका वकिलाने आपला ग्रंथसंग्रह 1891 साली लोकांसाठी खुला केला. आज तेथे एकवीस हजारांहून अधिक हस्तलिखिते जतन केलेली आहेत. या शहराविषयी आपण केवळ गुन्ह्यांच्याच बातम्या कशा लक्षात ठेवल्या, याचे बाईंना नवल वाटले.

परतताना रिक्षावाल्याने त्यांचे गाव विचारले. ‘महाराष्ट्र’ हे नाव ऐकताच तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, “दीदी, माझा धाकटा भाऊ नाशिकला बांधकामावर आहे. 2008 साली तिकडे आमच्या लोकांना मारहाण झाली, तेव्हा तो पळून आला होता. पोटासाठी पुन्हा गेला. आई रोज विचारते, ते शहर फार वाईट आहे का?”

बाई निरुत्तर झाल्या. त्यांच्या गल्लीत ‘भैया’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जाई. येथे मात्र सकाळपासून त्या स्वतःच त्याला ‘भैया’ म्हणत होत्या, आणि येथे त्याचा अर्थ फक्त ‘भाऊ’ एवढाच होता.

स्थानक आले. बाईंनी भाडे दिले. मग पर्स उघडून एका चिठ्ठीवर पत्ता लिहिला आणि ती त्याच्या हाती ठेवली.

“नाशिकला माझी बहीण राहते. अडीअडचणीला भावाने तिच्याकडे जावे. आणि आईंना सांगा, त्या शहरात त्याची एक ताई आहे.”