जेऊरची दोन मिनिटे आणि घरची वेधशाळा

मुंबईहून सोलापूरकडे येणारी गाडी दौंड मागे टाकून कुर्डुवाडीच्या दिशेने धावू लागली, की वाटेत जेऊर नावाचे स्थानक लागते. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील हे गाव एरवी प्रवाशांच्या फारसे लक्षात राहत नाही. परंतु २२ जानेवारी १८९८ या दिवशी जगातील नामांकित खगोलशास्त्रज्ञांपैकी काही जण याच माळावर आकाशाकडे डोळे लावून उभे होते. त्या दिवशी सूर्याचे खग्रास ग्रहण होते. कोकण किनाऱ्यावरून आत शिरलेली चंद्राची सावली जेऊरवरून ईशान्येकडे जाणार होती आणि पूर्ण अंधार टिकणार होता सुमारे दोन मिनिटे.

एवढ्याशा काळासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतून विल्यम वॉलेस कॅम्पबेल समुद्र ओलांडून आले होते. त्यांच्यासोबत ४० फूट लांबीचा कॅमेरा होता. या मोहिमेचा खर्च सान फ्रान्सिस्कोच्या क्रॉकर या धनिक घराण्यातील चार्ल्स क्रॉकर यांनी उचलला होता. रेल्वेच्या व्यवसायात मिळवलेल्या पैशाचा काही अंश एका परक्या देशातील माळरानावर, दोन मिनिटांच्या दर्शनासाठी खर्च झाला. दान देणाऱ्याने ते दृश्य पाहिलेही नाही. ग्रहणापूर्वीच त्यांचे निधन झाले होते.

त्याच जेऊरमध्ये पुण्याहून आलेले दुसरे पथकही होते. त्याचे प्रमुख होते प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला. ते दिवस प्लेगचे होते. मुंबई आणि पुणे भीतीच्या छायेत वावरत होते. तशा काळात नायगामवालांनी उपकरणे माळावर आणली, ती उभी केली आणि निरभ्र आकाशात ग्रहणाचे वेध घेतले. काम संपल्यावर तळ मोडला. तात्पुरत्या वेधशाळेचे आयुष्य तेवढेच असते, आणि ते तेवढेच असावे हे सर्वांना आधीपासून ठाऊक होते.

नायगामवालांची पुण्यातील वेधशाळा मात्र तात्पुरती नव्हती. तिची कथा जेऊरच्या आधी सुरू होते. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजला भेट दिली. नायगामवाला तेथे पदार्थविज्ञान शिकवीत. महाराजांनी वर्णपटाच्या अभ्यासासाठी ५,००० रुपये दिले आणि सरकारने तेवढीच भर घातली. मूळ विचार एका छोट्या प्रयोगशाळेचा होता. पुढे नायगामवाला इंग्लंडला गेले, तेथील जाणकारांशी बोलले आणि योजना वाढत गेली. अखेर १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील २० इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण तेथे बसवली गेली. त्या काळी भारतात तिच्याएवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती.

आज सोलापूरच्या एखाद्या व्यापारी कुटुंबातील गृहस्थ घरामागच्या मोकळ्या जागेत लहानशी वेधशाळा बांधण्याचा विचार करू लागला, तर त्याच्यापुढचा पहिला प्रश्न तोच असतो जो नायगामवालांपुढे होता. किती उभारावे? दुकानाचा हिशेब पक्का असणारा माणूसही येथे चुकतो, कारण दुर्बिणीच्या जाहिरातीत व्यास मोठा दिसतो आणि वापराच्या रात्री कोणी मोजून दाखवत नाही.

सहा किंवा आठ इंच व्यासाची साधी डॉब्सोनियन दुर्बीण दोन भागांत उचलून अंगणात ठेवता येते. जॉन डॉब्सन यांनी सान फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्याशाचे जीवन जगत असताना टाकाऊ काच, पुठ्ठ्याची नळी आणि लाकूड यांपासून अशा दुर्बिणी घडवल्या. कमीत कमी साधनांत अधिकाधिक लोकांना आकाश दाखवणे एवढाच त्यांचा हेतू होता. अशी दुर्बीण पुरेशी असेल, तर वेधशाळेची गरजच नाही. गरज निर्माण होते ती दुर्बीण जड झाल्यावर, तिचा अक्ष ध्रुवाशी जुळवून ठेवावा लागतो तेव्हा, आणि दिवसभर पेढीवर बसून दमलेला माणूस अवजड लोखंड उचलण्याच्या कल्पनेनेच बेत रद्द करू लागतो तेव्हा. वेधशाळा म्हणजे मुळात त्या आळसावरचा उपाय होय. छप्पर सरकवले आणि दहा मिनिटांत काम सुरू झाले, तरच तिचा खर्च वसूल होतो.

त्यानंतर जागा. सोलापूरच्या जुन्या वाड्यांची माळवदे उन्हाळ्यात झोपायला सुखद असली तरी दुर्बिणीचा खांब पेलत नाहीत. सिमेंटची गच्ची मजबूत असते. पण एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांपलीकडे तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्या वाफाळत्या हवेतून गुरूचे बिंब पाण्यात पडलेल्या नाण्यासारखे हलते. शिवाय गच्चीवर कोणी चालले तरी प्रतिमा थरथरते. शेजारी यंत्रमाग चालत असतील, तर त्यांचा हादरा भिंतींतून वर चढतो. गच्चीला पर्याय नसेल, तर खांब दोन तुळया जिथे कॉलमवर मिळतात तिथेच घ्यावा.

जमिनीवर बांधायचे तर काळी माती आडवी येते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभा केलेला खांब वर्षातून दोनदा कलतो आणि प्रत्येक वेळी ध्रुवाशी जुळवणी नव्याने करावी लागते. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खणावा लागतो. खांबाचा पाया आणि खोलीची फरशी यांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. मध्ये दोन बोटांची फट सोडून ती वाळूने भरावी. पाहणाऱ्यांची पावले फरशीवर पडतात, दुर्बीण मात्र स्थिर राहते. गवंड्याला ही फट चूक वाटते आणि न विचारता तो ती सिमेंटने बुजवून टाकतो. त्या दिवशी मालकाने जागेवर हजर असणे बरे.

भिंतीची उंची हा सर्वांत फसवा हिशेब आहे. सोलापूरचे अक्षांश सुमारे साडेसतरा अंशांहून थोडे अधिक आहेत. म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो. युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या पुस्तकांतील नकाशा जसाच्या तसा येथे उतरवला, तर घोटाळा होतो. दहा फूट लांब-रुंद खोलीच्या मध्यावर दुर्बीण असेल, तर भिंत पाच फुटांवर येते. ती दुर्बिणीच्या अक्षापेक्षा केवळ पावणेदोन फूट उंच झाली, तरी एकोणीस अंशांपर्यंतचे आकाश झाकले जाते. ध्रुव भिंतीआड जातो. दक्षिणेला अगस्त्य त्याच्या सर्वोच्च स्थानीही वीस अंशांच्या आतच असतो. तो भिंतीच्या काठावरून जेमतेम डोकावतो. त्रिशंकू तर दिसतच नाही. गोपनीयतेसाठी किंवा चोरांच्या भीतीने भिंत दोन हात वाढवणारा माणूस सोलापूरच्या आकाशाचा दक्षिणेकडील ठेवा आपल्याच हाताने गमावतो.

छपराचे तीन प्रकार प्रचलित आहेत. पहिला म्हणजे चाकांवरचे लहान खोपटे. ते पूर्ण सरकवले की दुर्बीण मोकळ्या आकाशाखाली येते. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, पण वाऱ्यापासून आडोसा मिळत नाही. दुसरा प्रकार घुमटाचा. तो दिसायला राजस असतो, वारा आणि शेजाऱ्यांचे दिवे अडवतो. मात्र त्याच्या फटीतून आकाशाची एक चीरच दिसते आणि आत एकदोन माणसांपलीकडे कोणाला उभे राहता येत नाही. तिसरा प्रकार सरकत्या छपराचा. चार भिंती कायम राहतात आणि पत्र्याचे छप्पर रुळांवरून बाजूला जाते. घरात आजी-आजोबा, सुना, मुले, शेजारी असतील आणि सर्वांनी एकत्र आकाश पाहावे अशी इच्छा असेल, तर हाच प्रकार सोयीचा. त्यासाठी परदेशी सामान मागवावे लागत नाही. सरकती फाटके बनवणारा कोणताही फॅब्रिकेशनवाला लोखंडी अँगल, चॅनेल आणि बेअरिंगची चाके वापरून ते करून देतो. त्याला एकच गोष्ट बजावून सांगावी लागते. वळवाचा वारा फाटकाला उचलत नाही, पण छपराला उचलतो. म्हणून चारही कोपऱ्यांना भक्कम आकडे हवेत.

छप्पर कोणत्या दिशेला सरकवावे, याचा विचार बहुतेकांना उशिरा सुचतो. ते उघडे असताना ज्या बाजूला उभे राहते, तिकडचे खालचे आकाश झाकते. उत्तरेला ध्रुव आहे, दक्षिणेला अगस्त्य. पश्चिमेला संध्याकाळचा शुक्र आणि बीजेची चंद्रकोर असते. राहते पूर्व. पूर्वेला उगवणारा ग्रह तास-दीड तासात आपोआप वर येतो. पश्चिमेला मावळणाऱ्यासाठी मात्र तशी सवलत नसते. म्हणून जागेची अडचण नसेल, तर छप्पर पूर्वेकडे जावे.

जैन घराच्या दिनक्रमाशी या छंदाचा मेळ सहज बसतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात संध्याकाळ लवकर मोकळी होते. वेधशाळेत पांढरा दिवा चालत नाही. मंद लाल दिव्याने डोळ्यांची अंधाराची सवय टिकते, आणि त्याकडे कीटकही फार कमी ओढले जातात. दिव्यावर झेप घेऊन मरणारे जीव वाचतात आणि तारेही अधिक दिसतात. चातुर्मासात साधुसंत एका ठिकाणी थांबतात, तशी दुर्बीणही थांबते. सोलापुरात पाऊस बेताचाच, पण सप्टेंबरात तो जोर धरतो आणि दमट हवेत आरशावर, भिंगावर बुरशी धरते. तेव्हा नळीची दोन्ही तोंडे बंद करून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या लागतात. त्यांचा रंग बदलला की वाळवून पुन्हा आत टाकाव्या लागतात. कार्तिकात विहार सुरू होतात, त्याच सुमारास आकाशही धुऊन निघते. तेथून फाल्गुनापर्यंतच्या रात्री वर्षातल्या सर्वोत्तम असतात. त्यानंतर धूळ वाढत जाते.

या शहराला आकाशाच्या गणिताचा वारसाही आहे. यतिवृषभाचार्यांचा तिलोयपण्णत्ति हा प्राचीन प्राकृत ग्रंथ, ज्यात लोकरचनेबरोबर सूर्यचंद्रादी ज्योतिष्कांच्या गतीची सविस्तर गणना आहे, तो डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली सोलापूरच्याच जीवराज जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाला. पहिला भाग १९४३ मध्ये, दुसरा १९५१ मध्ये. त्यातील विश्वचित्र दुर्बिणीतून दिसणाऱ्या विश्वापेक्षा वेगळे आहे. पण डोळ्यांना दिसणाऱ्या गतीचा अंकांत हिशेब मांडण्याची जी निष्ठा त्या पानोपानी आढळते, ती आरशातून गुरूच्या चंद्रांची जागा रोज टिपणाऱ्या मुलाला परकी वाटणार नाही.

आता पुन्हा पुण्याकडे. १९१२ साली नायगामवाला सेवानिवृत्त झाले आणि त्यांच्यामागोमाग तख्तसिंहजी वेधशाळाही बंद झाली. दुर्बीण आणि उपकरणे कोडाईकनालला पाठवण्यात आली. पुढे अनेक दशकांनी तीच दुर्बीण लेहपर्यंत जाऊन तेथील आकाश पारखण्यासाठी वापरली गेली. यंत्र टिकले. महाराजांचे दानही वाया गेले नाही. पण पुण्यातली जागा रिकामी झाली, कारण चोवीस वर्षांत ती वेधशाळा एका माणसाच्या हाताबाहेर कधी गेलीच नव्हती.

त्याच पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. तिच्याकडे वीस इंचांची दुर्बीण नव्हती. होते ते हौशी निरीक्षक. आधीच्यांनी नंतरच्यांना नक्षत्रे ओळखायला आणि दुर्बीण हाताळायला शिकवले. ती संस्था आजही चालू आहे.

व्यापारी घराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पेढी उभारणाऱ्याचे नाव पाटीवर राहते. पण किल्ली दुसऱ्याच्या हाती विश्वासाने दिली गेली नसेल, तर पेढी त्याच्यामागे फार काळ उघडत नाही. घरच्या वेधशाळेचेही तसेच आहे. मोठ्या हौसेने बांधलेल्या कित्येक खोल्या पुढे रद्दी आणि जुन्या सायकली ठेवायच्या जागा होतात. दुर्बीण वाईट असते म्हणून असे होत नाही. छप्पर इतके जड असते, की ते फक्त बांधणाऱ्यालाच सरकवता येते. जुळवणीची रीत फक्त त्यालाच ठाऊक असते. आणि महागड्या यंत्राला हात लावू नका, ही ताकीद मुलांनी इतकी मनावर घेतलेली असते की मोठेपणीही ती पाळतात.

म्हणून व्यास दोन इंच कमी घेतला तरी चालेल, पण छप्पर दहा वर्षांच्या मुलीलाही ढकलता यावे इतके हलके असावे. डोळा लावण्याची जागा आजीला पायरीवर न चढता गाठता यावी. खोलीत एक वही असावी, दुकानातल्या रोजमेळासारखी. तारीख, वेळ, आकाश कसे होते, काय पाहिले आणि छप्पर कोणी उघडले, एवढे तिच्यात लिहिले जावे. वर्षअखेरीस ती चाळताना शेवटच्या रकान्यात एकच नाव पुन्हा पुन्हा दिसू लागले, तर घराने वेळीच सावध व्हावे आणि पुढच्या निरभ्र रात्री त्या माणसाने बाजूला उभे राहून किल्ली दुसऱ्या कोणाच्या हातात द्यावी.