मधला मुलूख

आजऱ्याहून गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी अशा वाटेने कोल्हापूरकडे निघालेला इसम महाराष्ट्रातून महाराष्ट्रातच जात असतो. तथापि मधले काही कोस त्याला कर्नाटकाच्या हद्दीतून काढावे लागतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आखलेली ही रेषा नित्याच्या प्रवाशाच्या ध्यानातही राहत नाही. माझ्याही राहिली नव्हती. पण शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर कर्करोगाच्या रुग्णांना माझ्या जुन्या मोटारीतून उपचारांसाठी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला नेण्याआणण्याचे काम मी आपखुशीने पत्करले, आणि ती मला पुन्हा दिसू लागली.

किरणोपचार, ज्यांना आमच्याकडे सरसकट ‘लाईट घेणे’ म्हणतात, हे एका दिवसात उरकणारे कार्य नव्हे. निरोगी पेशींना सावरण्यास अवधी मिळावा म्हणून ठरलेली मात्रा थोडीथोडी वाटून, आठवड्यातून पाच दिवस, कित्येकदा सहा-सात आठवडे द्यावी लागते. यंत्राखालची काही मिनिटे, आणि त्यांच्यासाठी जाऊन-येऊन दीडशेहून अधिक किलोमीटर! महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च भागतो, एस.टी.च्या भाड्यात सवलत मिळते. परंतु सोबत येणाऱ्या लेकाचा रोजगार बुडतो, त्याची भरपाई कोणत्याही कचेरीच्या दाखल्यावर होत नाही. औषध मोफत झाले तरी वाट मोफत होत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका वाडीवरच्या आक्का माझ्या गाडीत बसत. तरुणपणी दाढ दुखली म्हणून कुणीतरी सुचवलेली मशेरी पुढे जन्माची सोबतीण झाली, आणि तिनेच गालात घर केले. उपचाराच्या वेळी मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर बेतलेला जाळीचा मुखवटा मेजाला जखडून ठेवतात. आक्का बाहेर येत तेव्हा त्या जाळीची नक्षी त्यांच्या कपाळावर उमटलेली असे, आणि कागल मागे पडून दूधगंगेचा पूल येईपर्यंत ती हळूहळू पुसट होत जाई. मी आरशातून ती पाहत असे, आणि काही विचारीत नसे. या कामात मौन पाळता येणे हे मोटार हाकता येण्याइतकेच अगत्याचे आहे.

एके दिवशी तवंदी घाट उतरून निपाणी जवळ आली तेव्हा त्यांनीच विचारले, “गुरुजी, तंबाखूचं गाव ते ह्येच न्हवं?” मी होकार दिला. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी याच गावाजवळ आम्ही चाललो होतो तोच महामार्ग अडवून धरला होता, हेही सांगितले. वाटले, त्या चार शिव्या हासडतील. त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “त्येंचीबी भाकरीच की ती.”

आंबोलीत उगम पावलेली हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करीत आमच्यासारखीच हद्द ओलांडते आणि पुढे घटप्रभेला मिळते. संकेश्वरच्या आसपास तिचे गढूळ पाणी दिसले की आक्का पदर सावरून म्हणत, “ती जाऊ दे फुडं. आपल्याला सांजचं माघारी जायचंय.” दुखणे हाही असाच एक मधला मुलूख आहे, घरापासून घरापर्यंतच्या वाटेतच लागणारा, तेथील पाट्या वाचता येत नाहीत, भाषा अर्धीच उमगते, आणि माघारी जायचे आहे एवढे एकच वाक्य घोकीत तो ओलांडावा लागतो. तो मुलूख काही माझ्या मोटारीने तोकडा होत नाही; त्यातून जाताना शेजारची जागा रिकामी राहत नाही, इतकेच.

दुपारी परतताना आक्का थर्मासातली घनसाळ तांदळाची पेज घोट घोट घेत. “चव कळंना, वास तेवढा येतोय,” म्हणत. उपचार संपले, त्या दिवशी त्यांच्या लेकाने भाड्याचे पैसे पुढे केले. मी शिरस्त्याप्रमाणे ते परत केले, आणि त्या परत करण्यात थोडी ऐट होती, हे आज कबूल करतो.

सुगी आटोपल्यावर तोच मुलगा दारात पिशवी ठेवून गेला. नव्या घनसाळाचा वास ओसरीभर पसरला. निरोप होता : “आईनं वानवळा दिलाय. चव कळाय लागल्या म्हणावं, थोडी थोडी.”

भाडे परत करण्याची मुखत्यारी माझ्याकडे होती. वानवळा शेजाऱ्याचा, तो मी निमूटपणे आत नेला.